घाट, वाट आणि हौस : कसारा घाटातील मोटारप्रवासाचा ऐतिहासिक विचार

१

नवी, वेगवान मोटार विकत घेतल्यावर ती प्रथम कोठे न्यावी, या प्रश्नाला नाशिक आणि मुंबई येथील हौशी मालकांकडून पुष्कळदा एकच उत्तर मिळते. ते म्हणजे घाटात. सपाट रस्त्यावर वेग मिळतो, परंतु वाहनाची आणि ते चालविणाऱ्याची खरी पारख चढणीवर व वळणावर होते, अशी त्यामागील समजूत असते. ही समजूत वरवर पाहता अगदी अलीकडची, परदेशी मासिके व चित्रपट यांच्या द्वारा आलेली वाटते. तिच्यात परकीय अंश आहे हे खरे. परंतु तेवढ्याने तिचा उलगडा होत नाही. ज्या घाटाचे नाव काढताच एके काळी वाटसरूच्या पोटात गोळा उठावयाचा, त्याच घाटात माणसाने केवळ आनंदासाठी जावे, हा पालट कसा घडला, याचा शोध घेतल्यास सह्याद्रीतील दळणवळणाचा जवळजवळ दोन हजार वर्षांचा इतिहास हाती लागतो.

या इतिहासाचे तीन टप्पे स्पष्ट दिसतात. पहिल्या टप्प्यात घाट हे संकट होते. दुसऱ्यात ती कसोटी झाली. तिसऱ्यात ती हौस झाली. हे टप्पे एकामागून एक आले असले तरी पुढील टप्प्याने मागील टप्पा पुसून टाकला असे मात्र झाले नाही. एकाच घाटात एकाच वेळी कोणाचे संकट आणि कोणाची हौस समोरासमोर येतात. या समोरासमोर येण्याचा विचार करावयाचा, तर नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील कसारा घाटाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. जुन्या कागदपत्रांत हाच थळ घाट म्हणून ओळखला जातो.

२

प्रथम 'घाट' या शब्दाचाच विचार करणे युक्त ठरेल. संस्कृत 'घट्ट' या शब्दापासून आलेला हा शब्द मराठीत दोन अर्थांनी रूढ आहे. नदीकाठी पाण्यात उतरण्यासाठी बांधलेल्या पायऱ्या म्हणजे घाट, आणि डोंगर ओलांडण्याची वाट म्हणजेही घाट. नाशिक शहराला हे दोन्ही अर्थ परिचयाचे आहेत. गोदावरीच्या तीरावर पहिला घाट आहे, आणि इगतपुरीच्या पलीकडे दुसरा. दोहोंत समान तत्त्व एकच, ते म्हणजे एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उतरणे. घाट ही जागा खरी. परंतु शब्दाच्या मुळाशी जागेपेक्षा संक्रमणाची कल्पना अधिक आहे.

या संक्रमणाला प्राचीन काळापासून मोल द्यावे लागे. संस्कृत शास्त्रग्रंथांतून 'घट्टकुटीप्रभातन्याय' म्हणून एक लौकिक न्याय प्रसिद्ध आहे. जकात चुकविण्यासाठी एक गाडीवान रात्रीच्या अंधारात आडवाटेने निघाला, रात्रभर भटकला, आणि उजाडले तेव्हा पाहतो तो जकातीची झोपडीच पुढ्यात उभी. जे टाळावयाचे त्याच्याच दारात येऊन पोचणे, हा या न्यायाचा आशय. येथे 'घट्ट' शब्दाला जकातीचा संबंध सहज जडलेला दिसतो. पुणे जिल्ह्यातील नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीचे नाणे टाकण्यासाठी होता अशी लोकपरंपरा आहे. आणि त्याच घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा सुप्रसिद्ध शिलालेख आहे. घाट, राजसत्ता आणि कर या तिहींचे नाते इतके जुने आहे.

नाशिकच्या बाबतीत याहूनही बोलका पुरावा पांडवलेण्यांत उपलब्ध आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या दहाव्या लेण्यातील शिलालेखात त्याच्या दानधर्माची यादी कोरलेली आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा व विश्रांतिस्थाने बांधली. तापी, दमण, पारदा, दाहनुका इत्यादी नद्यांवर नावांची व्यवस्था करून प्रवाशांना फुकट उतार दिला, असे तो सांगतो. यांतील गोवर्धन म्हणजे नाशिकच्या परिसरातील प्राचीन स्थान, आणि शूर्पारक म्हणजे आजचे सोपारे. देशावरील बाजारपेठ आणि कोकणातील बंदर या दोन्ही टोकांना विश्रांतीची सोय केली जाते, याचा अर्थ त्यांच्यामधील डोंगर ओलांडणाऱ्या माणसांची रहदारी सतत चालू होती. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ही स्थिती ध्यानात घेतली म्हणजे सह्याद्री प्रथम इंग्रजांनी 'उघडला' या समजुतीतील अपुरेपणा कळून येतो. त्यांनी चाकांसाठी तो सोपा केला. वाट आधीच होती.

मात्र ही वाट पायांची व खुरांची होती. लमाणांचे तांडे पाठीवर गोणी लादलेले बैल घेऊन घाट उतरत आणि मीठ घेऊन चढत. अशा प्रवासात आनंद नव्हता असे कोण म्हणेल? तथापि आनंदासाठी म्हणून हा प्रवास कोणी करीत नसे. इगतपुरीजवळ घाटमाथ्यावर घाटनदेवीचे स्थान आहे. घाटाची रक्षणकर्ती म्हणून तिला हात जोडून पुढे जाण्याची रीत मोटारचालकांनी आजही टिकवून धरली आहे. देवतेचे नावच घाटावरून पडावे, यातच पहिल्या टप्प्याचे सार आले. जेथे संकट असते तेथे माणूस रक्षणकर्ती शोधतो.

३

एकोणिसाव्या शतकात या स्थितीत दोन पालट झाले. पहिला पालट चाकांच्या रस्त्याचा. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत १८३० साली भोर घाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाला. थळ घाटातून जाणारा मुंबई–आग्रा रस्ताही त्याच शतकात चाकांच्या वाहतुकीस योग्य करण्यात आला. पायवाट ही डोंगराच्या मर्जीने चालते. तिला चढ कितीही चालतो. बैलगाडीचा रस्ता मात्र चढाचे प्रमाण ठरवूनच आखावा लागतो, आणि ते प्रमाण साधावयाचे तर रस्त्याला वळसे घ्यावे लागतात. आज हौशी चालकाला ज्या नागमोडी वळणांची ओढ वाटते, ती वळणे सौंदर्यासाठी काढलेली नसून बैलाच्या खांद्याला सोसेल एवढाच भार यावा म्हणून काढलेली आहेत.

दुसरा पालट आगगाडीचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा कसारा ते इगतपुरी हा चढ १ जानेवारी १८६५ रोजी वाहतुकीस खुला झाला. सुमारे सव्वानऊ मैलांत ९७२ फूट उंची गाठावयाची असल्याने येथील सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट असा ठेवावा लागला. आणि गाडीला मागून रेटा देण्यासाठी जादा इंजिने जोडण्याची पद्धत पडली. या कामाला किती माणसे खपली असतील याची कल्पना शेजारच्या भोर घाटावरून येते. तेथे १८६१ साली चाळीस हजारांहून अधिक मजूर एकाच वेळी कामावर होते; आणि पटकीसारख्या साथींनी त्यांतील कित्येकांचा बळी घेतला.

आगगाडीचा एक परिणाम मात्र सहसा ध्यानात घेतला जात नाही. लांब पल्ल्याचा माल रुळांवर गेला, आणि घाटातील रस्ता पूर्वीच्या ओझ्यातून पुष्कळ अंशी मोकळा झाला. त्याच वेळी इगतपुरीसारखे ठिकाण मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या युरोपियनांचे हवा खाण्याचे स्थान बनले. जी वाट अपरिहार्य होती ती ऐच्छिक झाली, आणि ज्या उंचीचे भय होते तिचा गारवा हवासा वाटू लागला. ऐच्छिकतेवाचून हौस संभवत नाही. या दृष्टीने पाहता घाटातील हौसेच्या मोटारप्रवासाची पूर्वतयारी मोटार जन्मास येण्यापूर्वीच, आणि तीही आगगाडीने, करून ठेवली होती असे म्हणावयास हरकत नाही.

यासारखी घटना युरोपातही दिसून येते. आल्प्स पर्वतातील स्टेल्व्हिओ खिंडीचा रस्ता ऑस्ट्रियन साम्राज्याने १८२० ते १८२५ या काळात बांधला. लोंबार्डी प्रांत आपल्या राज्याला घट्ट बांधून ठेवावा, हा त्यामागील राजकीय व लष्करी हेतू. एका बाजूला ४८ तीव्र वळणे असलेला हाच रस्ता पुढे मोटारशौकिनांचे तीर्थस्थान ठरला. उलट, १९३५ साली खुला झालेला ऑस्ट्रियातील ग्रोसग्लॉकनरचा रस्ता प्रथमपासूनच प्रवाशांच्या आनंदासाठी आखला गेला. गरजेच्या रस्त्यापासून आनंदाच्या रस्त्यापर्यंतचा हा प्रवास युरोपाने सुमारे शंभर वर्षांत पुरा केला. सह्याद्रीत केवळ आनंदासाठी घाटरस्ता बांधण्याची चैन फारशी कधी परवडली नाही. येथे हौस आली ती गरजेच्याच रस्त्यावर. पुढील सर्व प्रश्नांचे मूळ या वस्तुस्थितीत आहे.

४

मोटार भारतात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. आरंभी तिच्याविषयी कुतूहल जितके होते तितकाच अविश्वासही होता. ही गाडी वाटेत बंद पडणार नाही कशावरून? या शंकेचे निरसन करण्यासाठी शर्यतीपेक्षा निराळा असा एक प्रकार निघाला. त्यात सर्वांत पुढे कोण पोचला याला महत्त्व नसे. न थांबता, न मोडता कोण पोचला याला असे. वेस्टर्न इंडियाच्या मोटार युनियनने १९०४–०५ च्या हिवाळ्यात दिल्ली ते मुंबई अशी चाचणी घेतली ती याच स्वरूपाची. विश्वासार्हता सिद्ध करणे हा तिचा हेतू होता. वेगाची धुंदी हा नव्हे.

या चाचण्यांत डोंगराला विशेष स्थान मिळाले. फ्रान्समध्ये नीस शहरापासून ला तुर्बीच्या डोंगरावर चढण्याची स्पर्धा जानेवारी १८९७ मध्ये झाली. मोटारींची पहिली चढणीची स्पर्धा म्हणून तिचा निर्देश करतात. सपाट रस्त्यावर दुबळे इंजिनही वाहन कसेबसे नेते. चढावर त्याचा दुबळेपणा झाकून राहत नाही. इंजिन तापते, पाणी उकळते, दातेरी चक्रांची योजना चुकली असेल तर वाहन जागीच थबकते. आणि उतारावर ब्रेकची परीक्षा होते. घाट हा अशा रीतीने यंत्राचा निष्पक्ष परीक्षक ठरला.

महाराष्ट्रातील या प्रकारचे सर्वांत लक्षणीय उदाहरण १९०८ सालचे आहे. त्या वर्षी मुंबई ते कोल्हापूर या मार्गावर झालेल्या चाचणीत विलायतेहून नुकतीच आलेली एक रोल्स-रॉइस गाडी उतरली. तिचे सहा नळकांड्यांचे इंजिन ७,०३६ घनसेंटिमीटर क्षमतेचे होते. सहाशे मैलांहून अधिक अंतर आणि सह्याद्रीतील सहा घाट या गाडीने पार केले आणि आपल्या वर्गात यश मिळविले. पुढे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली. आणि 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नावाने ती मोटारींच्या इतिहासात प्रसिद्ध झाली. या घटनेतील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आजचा मालक आधी गाडी घेतो आणि मग ती घाटात नेतो. १९०८ साली गाडी आधी घाट चढली आणि मग मालकाच्या दारात आली. घाट चढणे हे त्या काळी मालकीचे फळ नव्हते, तर मालकीची अट होती. ज्या शिंदे घराण्याचे घोडदळ अठराव्या शतकात सह्याद्रीपासून यमुनेपर्यंत दौडत होते, त्याच घराण्यातील एका पुरुषाने सह्याद्रीची पारख झालेले यंत्र निवडावे, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाला विचारात पाडणारा आहे.

घाटाचा हा धडा मोठमोठ्या कारखानदारांनाही शिकावा लागला. याच कारखान्याने १९०९ च्या सुमारास चार गतींऐवजी तीन गतींची गिअरयोजना स्वीकारली. सपाट रस्त्यावर तीन गती पुरेशा होत्या. परंतु १९१२ सालच्या आल्प्समधील चाचणीत जेम्स रॅडली याची रोल्स-रॉइस काट्शबर्ग खिंडीच्या चढावर अडली. कारण तिची पहिली गती त्या चढाला पुरी पडेना. १९१३ साली चार गतींच्या गाड्या घेऊन कारखाना त्याच डोंगरात परत आला आणि यशस्वी झाला. 'स्पोर्ट्स कार' हा वाहनप्रकार याच सुमारास, अशाच चाचण्यांतून आकाराला आला. १९११ सालच्या 'प्रिन्स हेन्री' या व्हॉक्सॉल गाडीला पुष्कळ अभ्यासक पहिल्या स्पोर्ट्स कारचा मान देतात. आणि तिचे नावही एका मोटारचाचणीवरूनच पडलेले आहे. तात्पर्य, ज्या गाडीला आज केवळ चैनीचे प्रतीक मानले जाते, तिचे मूळ रस्त्यावरील कसोटीत आहे.

५

कसोटीचे रूपांतर हौसेत व्हावयाचे, तर आणखी दोन गोष्टींची आवश्यकता होती. रस्ता भरवशाचा हवा, आणि गाडी अनेकांच्या आवाक्यात हवी.

पहिल्या गोष्टीत एका मराठी विद्वानाचा वाटा मोठा आहे. १९२७ साली नेमलेल्या भारतीय रस्तेविकास समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर हे होते. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच हे जयकर. समितीने १९२८ साली असा निष्कर्ष मांडला की, रस्त्यांचा भार स्थानिक संस्थांच्या शक्तीबाहेर गेला असून तो राष्ट्रीय जबाबदारी म्हणून उचलावयास हवा. त्यानुसार १९२९ साली पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून रस्तानिधी उभारण्यात आला. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली. डिसेंबर १९४३ मध्ये नागपूर येथे मुख्य अभियंत्यांची परिषद भरली, आणि तिने राष्ट्रीय मार्गांपासून खेड्यांच्या रस्त्यांपर्यंत वर्गवारी करून वीस वर्षांची योजना आखली. कसारा घाटातून जाणारा रस्ता त्यानंतर दीर्घ काळ 'राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३' या नावाने ओळखला जात असे. २०१० सालच्या नव्या क्रमवारीत तो क्रमांक बदलला. पेट्रोलवरील कराची कल्पना येथे विशेष महत्त्वाची आहे. गाडी हौसेने फिरवा किंवा मालासाठी, रस्त्याचा वाटा दोघांनीही सारखाच द्यावयाचा. प्राचीन घट्टकुटी घाटाच्या तोंडाशी बसून कर घेई. आता ती पेट्रोलच्या टाकीत जाऊन बसली. पुढे घोटीजवळच्या नाक्याच्या रूपाने ती पुन्हा रस्त्यावर आली, हे घट्टकुटीप्रभातन्यायाचेच आधुनिक प्रत्यंतर होय.

दुसरी गोष्ट साधण्यास मात्र पुष्कळ काळ गेला. स्वातंत्र्यानंतर मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले, आणि मोजक्याच देशी कारखान्यांना परवाने मिळाले. त्या काळी मध्यमवर्गीय कुटुंबाला मोटारीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघणारी फियाट हीच मुंबई–नाशिक रस्त्यावरची ओळखीची गाडी होती. उन्हाळ्यात घाट चढताना तिच्या पेट्रोलपंपावर ओले फडके ठेवावयाचे, पाणी उकळू लागले की वळणावरच्या झाडाखाली थांबावयाचे, आणि इंजिन निवल्यावर पुढे निघावयाचे, असा क्रम असे. त्या थांबण्यामुळेच पुष्कळांनी घाट प्रथम डोळे भरून पाहिला असेल. यंत्राच्या अशक्तपणाने दिलेली ही विश्रांती पुढील पिढीच्या सशक्त यंत्राने काढून घेतली. १९९३ साली मोटारउद्योग परवान्यांच्या जाचातून मुक्त झाला. त्यानंतर गोव्यात 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनांची देशी स्पोर्ट्स कार तयार झाली. आणि एकविसाव्या शतकात परदेशी बनावटीच्या वेगवान गाड्या सह्याद्रीतील वळणांवर दिसू लागल्या.

६

या तीन टप्प्यांचा ठसा मराठी भाषेवर कसा उमटला आहे, हे आता पाहावयाचे.

'गाडी' हा शब्द प्राकृत 'गड्डी'पासून आलेला. बैलगाडी, घोडागाडी, आगगाडी आणि मोटारगाडी या साऱ्यांना तो पुरून उरला. बैलांना हाकावयाचे म्हणून 'गाडी हाकणे' असा प्रयोग होता. मोटार आली तेव्हा तिच्यापुढे बैल नव्हते, तरी आरंभीच्या मराठीत मोटारही 'हाकली'च जात असे. 'चालविणे' हा प्रयोग पुढे रूढ झाला. गिअर, ब्रेक, टायर, पंक्चर हे शब्द जसेच्या तसे राहिले. 'क्लीनर'चा मात्र 'किन्नर' झाला. आणि मालमोटारीवर राबणाऱ्या पोराला नकळत एका देवयोनीचे नाव मिळाले. पायाखालच्या गोष्टींसाठी शब्द देशी राहिले : चढण, उतरण, वळण, खिंड, दरी, घाटमाथा. यंत्र बाहेरून आले, जमीन येथलीच होती. हा भेद शब्दसंग्रहात इतका स्वच्छ उमटलेला क्वचितच आढळतो.

तिसऱ्या टप्प्याच्या बाबतीत मात्र मराठीची थोडी अडचण झालेली दिसते. 'स्पोर्ट्स कार'ला रूढ मराठी शब्द नाही. 'शर्यतीची गाडी' म्हणावे तर तो निराळा प्रकार होतो. आनंदासाठी वाहन दौडविणे या कल्पनेच्या जवळ जाणारा शब्द मराठीत एकच आहे. तो म्हणजे 'रपेट'. तो घोड्यावरच्या दौडीचा शब्द. शिलेदाराने पहाटे घोड्यावरून रपेट मारावी, त्या चालीवर आज मोटारीतूनही रपेट मारली जाते. म्हणजे मोटारीच्या कामाची भाषा मराठीने बैलगाडीकडून घेतली, आणि मोटारीच्या आनंदाची भाषा घोड्याकडून. ही वाटणी आकस्मिक नव्हे. बैल कुणब्याचा, घोडा शिलेदाराचा. श्रम आणि शौक यांमधील जुना सामाजिक भेद नव्या यंत्रातही असा शिरला.

'हौस' या शब्दाचा प्रवासही असाच उद्बोधक आहे. मूळ अरबी 'हवस' हा शब्द फारसीच्या मार्गाने भारतीय भाषांत आला. हिंदीत त्याने वासनेचा दूषित अर्थ धारण केला. मराठीत मात्र तो निवळला. 'हौसेला मोल नाही' असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा त्यात निंदेपेक्षा कौतुकच अधिक असते. हौस ही मराठीत निरागस आहे. किंबहुना ती निरागस असते असे गृहीतच धरलेले आहे.

या निरागसतेच्या शेजारी 'घाटी' हा शब्द ठेवून पाहावा. घाट उतरून मुंबईत हमाली, गिरणीकाम, ओझीवाहणी करण्यास गेलेल्या देशावरच्या माणसांना तेथे 'घाटी' म्हणू लागले. आणि मूळचा केवळ प्रदेशवाचक शब्द हिणविण्याचा शब्द झाला. एकाच मूळशब्दाची ही दोन अपत्ये. जो श्रमासाठी घाट उतरला त्याच्या वाट्याला 'घाटी' ही शिवी आली. जो आनंदासाठी घाट चढला त्याच्या वाट्याला 'हौशी' हे कौतुक आले. मार्ग एकच, चालणाऱ्याचे कारण तेवढे वेगळे. शब्दांचा इतिहास हा सामाजिक इतिहासाचा साक्षीदार असतो, याचे याहून कठोर उदाहरण शोधावे लागेल.

७

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा भाग खुला झाला, आणि नागपूर ते मुंबईच्या परिसरापर्यंतचा ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. या भागात इगतपुरी–कसारा परिसरातील डोंगर जवळजवळ ८ किलोमीटर लांबीच्या जुळ्या बोगद्याने भेदला आहे. चढण नाही, वळण नाही, दरी नाही. काही मिनिटांत घाटमाथा आणि कोकण यांमधील भेद मिटतो. आगगाडीने १८६५ साली घाटरस्त्याला जी ऐच्छिकता दिली, तीच बोगद्याने २०२५ साली पुन्हा दिली. ज्याला घाई आहे त्याला आता घाटाचे कारण उरले नाही. मग घाट कोणासाठी उरला?

'हौशी चालकांसाठी' हे उत्तर सोपे आहे, परंतु ते खरे नाही. घाटाच्या दुतर्फा वस्त्या आहेत. दुचाकीवरून जाणारे आहेत. द्रुतगती मार्गाचा पथकर न परवडणारी मालवाहने आहेत. पायी निघालेल्या दिंड्या व पालख्या आहेत. यांच्या लेखी घाट अजून पहिल्याच टप्प्यात आहे. घाटाचे संकटपण संपलेले नाही, याची आठवण नाशिक जिल्ह्याला वेगळी करून द्यावयास नको. सप्तशृंगगडाच्या घाटात जानेवारी २००८ मध्ये यात्रेकरूंची बस दरीत कोसळली आणि चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

याचा अर्थ हौसेला घाटात जागाच नाही असा नव्हे. नाशिक परिसरात राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेतील 'रॅली ऑफ महाराष्ट्र' ही स्पर्धा झालेली आहे. अशा स्पर्धांत वेगाचे टप्पे इतर रहदारीला बंद करून घेतात. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचे १८९ वे कलम राज्यसरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी घेण्यास मनाई करते. १९०८ सालच्या चाचणीची परंपरा खरोखर कोठे चालू राहिली असेल, तर ती अशा नियमबद्ध स्पर्धेत. इतरांच्या रहदारीत घुसून वळणावर वेग वाढविणारा चालक त्या परंपरेचा वारस नव्हे. १९०८ च्या चालकाने घाटापुढे स्वतःच्या यंत्राची परीक्षा दिली. हा दुसऱ्याच्या नशिबाची परीक्षा घेतो.

घाटातील रहदारीचा एक नियम येथे विशेष विचारात घेण्याजोगा आहे. डोंगरी रस्ता दोन वाहनांना पुरेसा रुंद नसेल, तेथे उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला प्रथम जाऊ द्यावे, असे १९८९ च्या रस्तानियमांनी स्पष्ट सांगितले. नियम कागदावर अलीकडे आला, पण त्याचे तत्त्व बैलगाडीच्या काळाचे आहे. चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा हलविणे फार कठीण. उतरणाऱ्याचे मात्र थांबल्याने काही बिघडत नाही. ज्याच्यावर भार अधिक त्याचा मान पहिला, असा हा न्याय आहे. गाडी किती वेगवान, किती मोलाची, नवी की जुनी, हे प्रश्न त्यात उद्भवतच नाहीत. ऊस किंवा कांदा भरून कण्हत चढणाऱ्या मालमोटारीपुढे उतरणीवरील सर्वांत महागड्या गाडीनेही थांबावयाचे असते.

मराठीत या कृतीला नेमका शब्दप्रयोग आहे : 'वाट देणे'. संस्कृत 'वर्त्मन्'पासून आलेला 'वाट' हा शब्द रस्ता, सडक आणि महामार्ग या तिहींच्या रेट्यातही टिकून आहे. रस्ता बांधला जातो, महामार्ग घोषित होतो. दिली जाते ती वाट. उषवदाताने नद्यांवर फुकट उतार दिला तेव्हा त्यानेही वाटच दिली होती. कसारा घाटाच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासात वाहने बदलली, सत्ता बदलल्या, प्रवासाची कारणे बदलली. परंतु अरुंद जागी भेटलेल्या दोन वाटसरूंपैकी कोणी कोणाला वाट द्यावयाची, हा प्रश्न बदललेला नाही. त्याचे उत्तर भाराने ठरते तोवर हौसेलाही घाटात आपली जागा आहे. ते वेगाने ठरू लागल्यास मराठीने 'हौस' या शब्दाला दिलेला निरागस अर्थ फार दिवस टिकणार नाही.